विश्लेषण : घरी रंगवलेल्या गाडीवर ‘संत्र्याची साल’ का उमटते? ती घासून काढावी का?

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा, तर त्याआधी तिच्यावरचे ओरखडे तरी मिटवावेत असे अनेकांना वाटते. पनवेलजवळच्या ओवे गावासारख्या ठिकाणी, जिथे घरापुढे थोडे अंगण शिल्लक आहे, तिथे स्प्रेचा डबा आणून हे काम घरीच उरकण्याचा मोह होतो. रंग बसतो, शेडही जुळते. मग वरून क्लिअर कोटचे, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत लॅकरचे, दोन हात मारले जातात. सकाळी उजेडात पाहावे तर पृष्ठभाग आरशासारखा नाही, संत्र्याच्या सालीसारखा बारीक उंचसखल. पुढचा प्रवास ठरलेला. मोबाइलवर व्हिडीओ, त्यात ‘२००० नंबरचा पेपर मारा, पॉलिश करा’ हा सल्ला, आणि तासाभरात सालीबरोबर खालचा रंगही उडालेला. सल्ला खोटा नसतो. तो वेगळ्या, बऱ्याच जाड थरासाठी दिलेला असतो.

दोष नेमका कोणता, हे कसे ओळखायचे?

पॅनलवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाडून पाहावे. प्रतिबिंबाची कड लाटांसारखी थरथरलेली दिसते, पण हात फिरवल्यावर गुळगुळीत आणि चकचकीत लागते, तर ती संत्र्याची साल. हात फिरवल्यावर बारीक रव्यासारखे खरखरीत लागले आणि चमक मुळातच नसली, तर तो कोरडा फवारा. थेंब पॅनलवर पोहोचेपर्यंत हवेतच सुकलेले असतात. टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसत असतील, तर आत अडकलेला थिनर वरचा थर सुकल्यावर फुटून बाहेर आला आहे. घासल्याने ही छिद्रे बुजत नाहीत, उलट आणखी उघडी पडतात. गोल खड्डे पडून त्यातून खालचा रंग डोकावत असेल तर सिलिकॉनचा संशय घ्यावा. टायर पॉलिश, डॅशबोर्डचे पॉलिश किंवा चेनच्या स्प्रेचा अंश पृष्ठभागावर राहिला की लॅकर तिथून मागे सरकते.

या लेखाचा विषय पहिला दोष आहे. तो थोड्याफार प्रमाणात शोरूममधून आलेल्या नव्या गाडीवरही असतो. दरवाजावर नीट पाहिले तर दिसेल, बोनेटवर त्यापेक्षा कमी दिसेल. उभ्या पृष्ठभागावर जाड थर दिला तर तो ओघळतो, म्हणून कारखान्यालाही तिथे तडजोड करावी लागते. घरच्या कामाकडून कारखान्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये, एवढे आधीच ठरवलेले बरे.

क्लिअर आपोआप सपाट का होत नाही?

होते, पण त्याला वेळ आणि जाडी दोन्ही लागतात. फवाऱ्यातून हजारो थेंब पडतात, त्यांचे उंचवटे तयार होतात. पृष्ठताण हे उंचवटे ओढून सपाट करू पाहतो, तर द्रवाचा घट्टपणा त्याला विरोध करतो. दरम्यान थिनर उडत असतो आणि घट्टपणा मिनिटागणिक वाढत असतो. थर गोठायच्या आत उंचवटे मिटले तर आरसा, नाहीतर साल.

याचे गणित ऑर्चर्ड या संशोधकाने १९६२ मध्ये मांडले आणि रंगउद्योगात ते आजही वापरले जाते. त्यातले दोन आकडे घरी रंग मारणाऱ्यालाही उपयोगी आहेत. ओला थर दुप्पट जाड असेल तर तो आठपट लवकर सपाट होतो. आणि उंचवट्यांमधले अंतर दुप्पट असेल तर सपाट व्हायला सोळापट वेळ लागतो. म्हणूनच घाबरत घाबरत, लांबून, धुक्यासारखे पातळ हात मारत राहिले की साल हमखास उमटते. ओघळ येऊ नये म्हणून घेतलेली ही काळजीच साल निर्माण करते. उलट टोकाला, उभ्या पॅनलवर थर दुप्पट केला की तो खाली सरकण्याचा वेग चौपट होतो. या दोन टोकांमधली जागा अरुंद आहे. मिस्त्रीचे कसब म्हणजे ही जागा हाताने ओळखणे. त्याच्या गनला हवेचा दाब, फवाऱ्याची रुंदी आणि थिनरचे प्रमाण बदलता येते. डब्याला यातले काहीच नाही. डबा फवारताना गार पडतो, दाब उतरतो, थेंब मोठे होतात आणि साल जाड होते. डबा काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, पुसून, दोन मिनिटे हलवून वापरला तर फरक दिसतो. पाणी कोमटच हवे. उकळते पाणी किंवा शेगडी म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

ओवे परिसरातली हवा काय बिघडवते?

खारघर आणि तळोज्याच्या मधल्या या पट्ट्यात सप्टेंबरअखेर परतीचा पाऊस असतो आणि त्याच्या मागोमाग ऑक्टोबरचे ऊन. लॅकरसाठी दोन्ही वाईट. दुपारी उन्हातल्या पत्र्यावर हात टेकवत नाही. अशा पत्र्यावर थिनर क्षणात उडतो आणि थेंबांना पसरायला वेळच मिळत नाही. सावलीत, पण दमट हवेत मारले तर दुसरी अडचण येते. मडक्यातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते त्याच तत्त्वाने थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो. त्यावर हवेतली वाफ दवासारखी धरते आणि लॅकर दुधट, पांढरट होते. याला साल समजून पेपर मारू नये. हलका पांढरेपणा कोरड्या दिवशी कमी होतो किंवा सावकाश उडणाऱ्या थिनरच्या हलक्या फवाऱ्याने जातो.

त्यात भर बांधकामांच्या धुळीची. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, पण आजूबाजूच्या इमारतींचे काम काही थांबलेले नाही. डंपर गेला की अंगणात धूळ पाच-दहा मिनिटे तरंगत राहते. जमिनीवर पाणी मारून, वारा पडलेला असताना, सकाळचे दव वाळल्यावर साधारण दहा-अकराच्या सुमारास काम केलेले चांगले. डिसेंबर-जानेवारीत हे सहज जमते. पण दसरा डिसेंबरात येत नाही, ही खरी पंचाईत!

घासण्याएवढा थर आहे का?

सगळा प्रश्न इथे आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन जाडी असते. त्यातले क्लिअर ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा, म्हणजे क्लिअर केसापेक्षाही पातळ. गॅरेजमध्ये गनने मारलेले हार्डनरचे क्लिअर दोन हातांत जवळपास एवढेच बसते. साल सपाट करताना त्यातले अंदाजे दहा-पंधरा मायक्रॉन जाऊ शकतात. तरीही बऱ्यापैकी थर उरतो. व्हिडीओत दाखवतात ते पॅनल बहुधा असे असते, कित्येकदा घासायचे म्हणून मुद्दाम एक हात जास्त मारलेले.

डब्यातल्या साध्या लॅकरमध्ये थिनर आणि वायूच जास्त. ते उडून गेले की एका हाताचे मोजके मायक्रॉन उरतात. दोन हातांवर २००० चा पेपर फिरवणे म्हणजे उरलेसुरले पुसून टाकणे. माझ्या स्कूटरच्या मडगार्डवर मी हेच केले. कॉलेजात मायक्रोमीटरने हजार वेळा मापे घेतली होती, पण स्वतःच्या मडगार्डवर थर किती असेल हा प्रश्न पडला नाही. बादलीतले पाणी निळे झाले तेव्हा पडला.

आपल्या गाडीवर कोणते क्लिअर आहे हे माहीत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. झाकलेल्या कोपऱ्यात थिनरमध्ये भिजवलेले फडके हलके घासावे. चिकट होऊन फडक्यावर उतरले तर साधे लॅकर, टिकून राहिले तर हार्डनरचे. जाडी मोजणारी छोटी यंत्रे मिळतात, पण नेहमीची यंत्रे धातूवरच चालतात. प्लास्टिकच्या पॅनलवर ती उपयोगाची नाहीत.

साध्या लॅकरच्या बाबतीत म्हणून क्रम उलटा ठेवावा : आधी भर, मग घासणे. पहिला थर पूर्ण सुकू द्यावा, ८०० ते १००० च्या पेपरने फक्त चमक मोडेल इतपतच हात फिरवावा, मग दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन-चार ओले हात द्यावेत. अंतर वीतभर किंवा किंचित जास्त, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. दुसरा थर कधी द्यायचा याची वेळ डब्यावर लिहिलेली असते, ती पाळावी. मधल्याच वेळी मारले तर काही लॅकरमध्ये खालचा थर सुरकुततो.

मग घासायचे कधी आणि कसे?

हाताला सुकले म्हणजे कडक झाले असे नाही. हार्डनरचे क्लिअर आपल्याकडच्या उष्णतेत एक-दोन दिवसांत घासण्याजोगे होते. साध्या लॅकरला मी किमान आठवडा देईन, दमट दिवसांत दोन. नख दाबल्यावर ठसा उमटतो का, नाकाजवळ नेल्यावर थिनरचा वास येतो का, हे पाहावे. घाई केली तर पेपरवर डिंकासारख्या गोळ्या जमतात. तसे दिसले की तिथेच थांबावे. कसेबसे सपाट केले तरी उरलेला थिनर उडताना थर आक्रसतो आणि महिन्याभरात चमक पुन्हा बसते. थोडक्यात, दसऱ्याच्या आदल्या रविवारी सुरू केलेले काम दिवाळीत पूर्ण होईल असे धरावे.

पेपर वॉटरप्रूफ हवा, थोडा वेळ पाण्यात भिजवलेला. पाण्यात साबणाचे दोन थेंब. पेपर बोटांनी धरून घासू नये, बोटांच्या खुणा नाल्यांसारख्या उमटतात. रबराच्या ठोकळ्याला किंवा पाटी पुसायच्या डस्टरसारख्या सपाट तुकड्याला तो गुंडाळावा. कडा आणि उठावदार रेषांवर थर सगळ्यात पातळ असतो, तिथे आधी मास्किंग टेप लावून टाकावी. सुरुवात १५०० ने, फक्त हाताच्या वजनाने. दर काही फेऱ्यांनी पुसून, वाळवून पाहावे. मंद झालेल्या भागात चमकणारे ठिपके दिसतील, ते म्हणजे सालीचे खड्डे. ठिपके विरळ होत गेले की पुरे. शेवटचा ठिपका घालवण्याचा हट्टच बहुतेकांना आरपार नेतो.

डोळा पाण्यावर ठेवावा. क्लिअर घासले जाताना पाणी दुधट होते. गाडीच्या रंगाची छटा दिसली की रंगापर्यंत पोहोचलात. ज्या रंगावर वेगळे क्लिअर नसतेच, तिथे मात्र पाणी पहिल्यापासून रंगीत येते, त्याने घाबरू नये.

१५०० नंतर २००० आणि मग ३०००, प्रत्येक वेळी आधीच्या दिशेला आडवे. त्यामुळे आधीचे ओरखडे गेले की नाही हे कळते. शेवटी रबिंग कंपाऊंड आणि पॉलिश. मशिनची सवय नसेल तर हातानेच करावे. वेळ लागतो, पण साधे लॅकर मशिनच्या उष्णतेने मऊ पडून ओढले जाते. साल अगदी हलकी असेल तर ३००० आणि पॉलिश एवढ्यावरच भागवावे. एखादा ओघळ असेल तर फक्त त्याच्यापुरता ठोकळा चालवावा, बाकी पॅनलला हात लावू नये.

आरपार गेलेच तर पॉलिशने काही होत नाही. त्या जागी रंग पुन्हा आणि क्लिअर पूर्ण पॅनलला द्यावे लागते. मेटॅलिक रंगात हे जास्त जाणवते, कारण चमकीचे कण घासले गेले की तिथे गडद डाग दिसतो.

हार्डनरचे क्लिअर घरी मारावे का?

ते टिकाऊ असते, त्याला जाडी असते, घासायलाही चांगले. म्हणून आता तळाशी बटण असलेले हार्डनरचे डबेही मिळतात. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. भोपाळमध्ये १९८४ साली सांडलेला मिथाइल आयसोसायनेट याच रासायनिक कुटुंबातला. हार्डनरमधले संयुग वेगळे आहे आणि तितक्या सहज उडत नाही, पण फवारले की बारीक थेंबांच्या रूपात थेट फुप्फुसात जाते. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की नंतर अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. वासावरून धोका कळत नाही. रुमाल, कापडी मास्क किंवा एन-९५ इथे पुरेसा नाही. व्यवस्थित पेंट बूथमध्ये कारागिराला नळीने बाहेरची स्वच्छ हवा दिली जाते. अंगणात मुले खेळत असताना किंवा सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये हा फवारा मारण्याचा मी सल्ला देणार नाही. साध्या लॅकरलाही मोकळी हवा, सेंद्रिय वाफा शोषणारा कार्ट्रिज मास्क आणि आसपास समई, सिगारेट, शेगडी काही नको.

मधला मार्ग आहे. पॅनल सुटे करता येत असेल तर घासणे, पुट्टी, प्रायमर घरी करावे आणि रंग-क्लिअर मिस्त्रीकडून मारून घ्यावे. ट्रकच्या धंद्यामुळे कळंबोली-तळोजा भागात डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजे शोधावी लागत नाहीत. प्रायमर कोणता वापरला तो डबा सोबत न्यावा, कारण काही साध्या रंगांवर हार्डनरचे क्लिअर पडले की खालचा थर उचलला जातो. मिस्त्री आधी कोपऱ्यात मारून बघेल. आणि क्लिअरचा एक हात जास्त द्यायला सांगावा, पुढचे घासणे-पॉलिश घरी निवांत करता येते.