बापाची गाडी, पोराचे हात

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मानवतच्या आमच्या वस्तीत एका संध्याकाळी फाडफाड आवाज झाला. बायका स्वयंपाक टाकून दारात आल्या, लहान लेकरे नालीवरून उड्या मारीत धावली. आम्ही नुकतेच कचेरीतून येऊन चहाचा कप हातात घेतला होता. बाहेर येऊन पाहतो तो समोरच्या घराचा पोरगा एका विचित्र मोटारसायकलवर बसलेला. पुढचे चाक लांब गेलेले, हँडल छातीइतके उंच, मागे मडगार्ड नाही, सीट एकाच माणसाची. आम्हाला पाहताच तो म्हणाला, "काका, जय भीम! चालू झाली बघा!"

ही गाडी कुठल्या कंपनीची, असे आम्ही विचारले. तो हसला आणि म्हणाला, "कंपनीची नाही काका. बापाची."

आता आम्ही ती गाडी ओळखली. हीरो होंडाची सीडी १००. ही गाडी १९८५ मध्ये बाजारात आली आणि कमी पेट्रोलमध्ये चालते म्हणून गावोगाव पसरली. या पोराच्या वडिलांनी ती जुनीच विकत घेतली होती. मानवतला कापसाचा मोठा बाजार. ते जिनिंगमध्ये हमाली करीत आणि पहाटे याच गाडीवर कामावर जात. ते वारले आणि गाडी भिंतीला लागली. तिच्यावर गोधड्या वाळू लागल्या, सीटखाली कोंबडी बसू लागली. भंगारवाला दोन वेळा येऊन गेला, पण पोराच्या आईने दिली नाही. "हिच्यावरच ते मला दवाखान्यात घेऊन गेले होते," एवढेच ती म्हणायची.

मेलेले इंजिन कसे उठले

पोरगा बारावी होऊन पाथरी रोडवरच्या एका गॅरेजात रोजाने काम करीत होता. वाचकांपासून काय लपवायचे? आम्ही त्याला नेहमी रागावत होतो. "फॉर्म भर, परीक्षा दे, नोकरी धर. हात काळे करून काय होणार?" आम्ही बी. कॉम. होऊन कारकून झालो, म्हणून सगळ्या वस्तीने कारकून व्हावे असे आम्हाला वाटत असावे. त्याने उलट उत्तर कधी दिले नाही. मात्र दिवसभर गॅरेज करून रात्री बल्ब लावून तो बापाच्या गाडीशी बसत असे.

त्याने काय काय केले, ते आम्ही नंतर त्याच्याकडून नीट समजून घेतले. उभ्या गाडीचे इंजिन जाम झाले होते. किक खालीच जात नव्हती. त्याने प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडले आणि तीन रात्री तसेच ठेवले. चौथ्या दिवशी पिस्टन हलला. मग इंजिन उतरवून खोलले. पिस्टन वरखाली होऊन ब्लॉकची भिंत एकीकडे जास्त झिजते. ती मशीनवर पुन्हा एकसारखी कापून घेतात, त्याला बोअर करणे म्हणतात. भोक मोठे झाले की पिस्टनही मोठ्या मापाचा लागतो. ही मापे पाव-पाव मिलिमीटरने वाढतात. मापे संपली की ब्लॉकला नवीन स्लीव्ह ठोकावा लागतो. या गाडीला एक माप शिल्लक होते, म्हणून खर्च वाचला. व्हॉल्व्ह त्याने हाताने घासले आणि वरून पेट्रोल ओतून पाहिले. खाली थेंब झिरपला नाही तर व्हॉल्व्ह बसला असे समजायचे.

टाकी खालून गंजून चाळणी झाली होती. तिला वेल्डिंग करताना तो मरता मरता वाचला. टाकी रिकामी म्हणून त्याने थेट गॅसची नळी पेटवली. गॅरेजच्या उस्तादांनी धावत येऊन त्याचा हात धरला. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि भरल्या टाकीपेक्षा तीच घातक. टाकी आधी साबणाच्या पाण्याने अनेकदा धुवायची, मग जिथे जोड द्यायचा तेवढी जागा सोडून पाण्याने भरायची आणि मगच आग लावायची. गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाला हे माहीत असले पाहिजे.

उस्तादांनी दुसरीही एक गोष्ट बजावली होती. "काय लावायचं ते नटबोल्टनं लाव. चासीला करवत लावू नको. नंबर तिथंच असतो." पोराने ते ऐकले. पुढचे लांब शॉकअप, उंच हँडल, उघडा सायलेन्सर हे सारे त्याने जुन्या गाड्यांतून जमवून बोल्टने बसवले. सगळा खर्च वहीत लिहिला होता. आम्ही बेरीज करून पाहिली तर अठरा हजाराच्या आत होता. त्यातले पाच हजार आईने बचत गटातून उचलून दिले होते. रुपयाचीही चूक नव्हती. आमच्या कचेरीतसुद्धा अशी वही क्वचित सापडते.

नाव कोणाचे?

अशी गाडी कापून-जोडून बनवण्याची हौस जगात जुनी आहे. अमेरिकेत तिला चॉपर म्हणतात. चॉपर म्हणजे कापून काढलेली. १९६९ साली 'इझी रायडर' नावाचा सिनेमा आला. त्यातल्या लांब तोंडाच्या मोटारसायकली जगभर गाजल्या. त्या नव्या नव्हत्या. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी वापरून लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले गाड्यांपासून त्या बनवल्या होत्या. बनवणारे दोघे काळे कारागीर. आखणी क्लिफर्ड व्हॉज यांची आणि घडवणारे हात बेन हार्डी यांचे. व्हॉज हे काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात विद्यार्थी संघटनेचे काम केलेले कार्यकर्ते होते. सिनेमाच्या नामावलीत दोघांचीही नावे नाहीत. गाडीवर बसणारे नट जगाला माहीत झाले, गाडी बनवणारे माहीत व्हायला कित्येक वर्षे गेली. त्या सिनेमातली म्हणून सांगितलेल्या एका गाडीला २०१४ च्या लिलावात साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली.

आम्ही ही हकिगत पोराला सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काका, आमच्या गॅरेजात पण तसंच आहे. इंजिन मी बांधतो, गिऱ्हाईक मालकाला शाबासकी देतं." हाताने काम करणाऱ्याचे नाव पुसण्याची रीत आपल्या लोकांना कोणी वेगळी शिकवायला नको.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण जरा बरे आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांपासून छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. मोटारसायकलसारखी किक मारून ती सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि त्या गाडीच्या बदल्यात नवीन बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. मात्र कौतुक करतानाच महिंद्रा यांनी एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल.

गाडी हाताने बनते, चालते कागदाने

आमच्या पोराचेही तेच झाले. आठव्या दिवशी चौकात गाडी अडवली. तो कागद घेऊन आमच्याकडे आला तेव्हा चेहरा उतरला होता. कागद पाहून आमचाही उतरला. नोंदणी अजून मयत वडिलांच्या नावावर, १५ वर्षांची मुदत केव्हाच संपलेली, विमा नाही.

वाचकहो, हे प्रत्येक घराने ध्यानात घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने केलेली आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेली गाडीची मूळ रचना आपल्या मनाने बदलता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवते, ते वेगळेच. गाडीचा रंग बदलता येतो, पण तो नोंदणीत बदलून घ्यावा लागतो.

कायदा निव्वळ आडमुठा आहे असेही नाही. शॉकअप लांब केले की गाडीचे तोंड उचलते आणि पुढचे चाक दूर जाते. मोकळ्या सरळ रस्त्यावर अशी गाडी स्थिर वाटते, पण बाजाराच्या गर्दीत हळू चालवताना हँडल एका अंगाला पडू पाहते आणि वळायला जागा जास्त लागते. आमच्या पोराला हे आठ दिवसांतच समजले होते. त्याने सांगितले नव्हते इतकेच.

मग आमच्या हाताला काम लागले. मयताच्या नावावरील गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म असतो. मृत्यूचा दाखला, नोंदणी पुस्तक, इतर वारसांची संमती, विमा आणि प्रदूषणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. खरे तर मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचे असते. आपल्याकडे किती घरांत हे कोणी करते? १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते, तेही राहून जाते. उशिराचा भुर्दंड पडला. परभणीला तीन खेपा झाल्या.

गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची होती. पोराला वाटले, जुने भाग भंगारात गेले असतील. आईने माळ्यावरून पोते खाली ओढले. मडगार्ड, शॉकअप, सायलेन्सर, सगळे पोत्यात होते. "त्यांचं सामान मी कसं विकीन?" ती म्हणाली. चासीला करवत लागली नव्हती म्हणून दोन रात्रींत गाडी पहिल्यासारखी उभी राहिली. उस्तादांच्या त्या एका वाक्याने गाडी वाचली.

पोरगा दोन दिवस हिरमुसला होता. "आता ही सगळ्यांसारखीच दिसते," म्हणाला. आम्ही त्याला सांगितले, दिसू दे. मेलेले इंजिन तू उठवलेस, ते कुठे सगळ्यांसारखे आहे?

आता आमच्या वस्तीत पोलिओने पाय गेलेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या स्कूटरला मागे आधाराची दोन चाके बसवायची आहेत. अपंग व्यक्तीच्या वापरासाठी गाडीत बदल करायला कायदा वाट देतो, मात्र नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. चाकांचे माप पोराने घेतले आहे, अर्ज आम्ही लिहीत आहोत. त्याने आयटीआयच्या मेकॅनिक ट्रेडचा फॉर्मही भरला आहे. फॉर्म भर म्हणून आम्ही वर्षभर ओरडत होतो. त्याने भरला, पण आपल्या हाताला शोभेल असा भरला.

आईबापांना आमची एवढीच विनंती. काळे हात करून येणाऱ्या लेकराला हिणवू नका. त्याला हिशेबाची वही द्या, कामाच्या बिलावर त्याचे नाव येऊ द्या. आणि घरात भिंतीला टेकलेली जुनी गाडी असेल तर पान्याला हात घालण्याआधी तिचे कागद काढून पाहा.