तांदूळ आंबायचा थांबला, तर दोष कुणाचा?

'कारण' म्हणजे काय हे सांगताना आमच्या विषयातली मंडळी हटकून घडा आणि कुंभार यांच्याकडे वळतात. आज आपण घडा तोच ठेवू, फक्त त्याच्या आत डोकावू. आत शिजवलेला तांदूळ आहे, त्याचं मद्य व्हायचं आहे, आणि चौथ्या दिवशी सगळं थांबलंय. बुडबुडे नाहीत, वास नाही. काय बिघडलं असेल?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य करणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. जपान हा तांदळाच्या साकेचा देश, पण तिथेही घरगुती मद्य करण्यावर १८९९ पासून बंदी आहे. उलट आसामात दिमासा लोकांची 'जुडिमा' ही परंपरा उघडपणे चालते. तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा आपण इथे घडा भरायला बसलेलो नाही, समजून घ्यायला बसलो आहोत. आणि जे समजेल ते आपल्या इडलीच्या पिठाला, कुरडईच्या गव्हाला आणि नाशिकच्या वायनरीतल्या टाक्यांनाही लागू पडेल.

द्राक्षाचं काम सोपं असतं. रसात साखर तयारच असते, यीस्ट ती खातं आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतं. तांदळात मात्र स्टार्च असतो, आणि वाइनचं यीस्ट स्टार्च खाऊ शकत नाही. म्हणून इथे दोन कामगार लागतात. पहिली बुरशी: तिची विकरं स्टार्चची साखर करतात. दुसरं यीस्ट: ते साखरेचं मद्य करतं. जपानात या पहिल्या कामासाठी 'कोजी' वापरतात. ईशान्य भारतात तांदळाचं पीठ आणि वनस्पती मळून केलेल्या वाळवलेल्या वड्या असतात, त्यात दोन्ही कामगार झोपलेले असतात. दोघं एकाच भांड्यात, एकाच वेळी काम करतात.

म्हणून घडा अडला की 'आता काय घालू?' असं विचारायची घाई करू नये. आधी विचारावं, 'काम कुठे अडलं?' त्यासाठी पाहा, मग वास घ्या, आणि दोन्ही ठीक असेल तरच चव घ्या. चार शक्यता निघतात.

पहिली: दाणे कोरडे, टणक, आणि गोडवा अजिबात नाही. म्हणजे पहिलाच कामगार कामावर आलेला नाही. भात कच्चा राहिला असेल, वडी जुनी असेल, किंवा वडी वाफाळत्या भातावर कुस्करली असेल. भात हाताला जेमतेम कोमट, साधारण ३० अंशांवर आल्याशिवाय वडी घालू नये. ताजा भात आणि ताजी वडी घेऊन, थोडं उकळून गार केलेलं पाणी शिंपडून पुन्हा सुरुवात करावी.

दुसरी: भांड्यातलं पाणी गोड लागतं, पण हालचाल नाही. बुरशीने काम केलं, यीस्ट अडलं. भांडं उबेला, २५ अंशांच्या आसपास ठेवावं आणि एक दिवस वाट पाहावी. तरीही काही नाही, तर नवं यीस्ट कोमट पाण्यात जागं करावं आणि त्याला भांड्यातला रस थोडा थोडा पाजत सवय लावावी, मग आत सोडावं. एकदम ओतलं तर साखर आणि अल्कोहोलच्या धक्क्याने तेही गळपटतं.

तिसरी: आंबट लागतं. थोडा आंबटपणा चांगलाच. साके करणारे सुरुवातीला आम्लाचा मुद्दाम उपयोग करतात, कारण त्यामुळे नको असलेले जंतू दूर राहतात. पण व्हिनेगरसारखा झणका आला, तर हवा लागून मद्याचं व्हिनेगर होतंय. तिथून परतीचा रस्ता नाही. आणि आपण न घातलेल्या रंगाची, म्हणजे काळी, हिरवी, गुलाबी बुरशी दिसली, तर चव न घेता सगळं टाकून द्यावं.

चौथी शक्यता लोक विसरतात: काही बिघडलेलंच नसतं. गोडवा गेलाय, चव कडक झालीय, दाणे तळाला बसलेत, म्हणजे काम थांबलं नाही, संपलं. साकेच्या पद्धतीत अल्कोहोल २० टक्क्यांच्या जवळ जाऊ शकतं, पण बहुतेक यीस्ट त्याच्या बरंच आधी हात टेकतं. किंवा झाकण सैल असतं, वायू कडेने निघून जातो आणि आपल्याला वाटतं बुडबुडे बंद झाले. म्हणून झाकण घट्ट आवळायचं मात्र नाही, भांडं फुटेल.

आपल्या वायनऱ्यांत हा प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. रस आंबत असतो आणि बाहेर उन्हाळा चढत असतो. त्यात यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. म्हणून टाक्या थंड ठेवाव्या लागतात. साखर फार असली, नायट्रोजन कमी पडला, तरी काम अर्ध्यावर अडतं. तिथे बुडबुड्यांवर कुणी विसंबत नाही. रोज हायड्रोमीटरने मोजतात. सलग आकडे उतरले नाहीत, की अडलं असं समजतात.

आता आमच्या घरच्या विषयाकडे येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, सुराध्यक्षाच्या प्रकरणात, 'मेदक' नावाच्या तांदळाच्या मद्याचं प्रमाण दिलं आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. एकाच मापात आणलं तर १६ भाग पाणी, २ भाग तांदूळ, ३ भाग किण्व. म्हणजे तांदळापेक्षा विरजणच जास्त! आणि हे किण्व कशाचं? उडदाच्या लगद्यात तांदूळ आणि काही वनस्पती घालून केलेलं. उडीद आणि तांदूळ. आपल्या इडलीचं पीठ आठवतं की नाही?

याच किण्वाचा दाखला चार्वाकांनी दिला. किण्वादी द्रव्यांत सुटी सुटी मादकता नसते, एकत्र आल्यावर ती प्रकटते. तसंच महाभूतं एकत्र आल्यावर चैतन्य प्रकटतं, असं त्यांचं म्हणणं. एकोणिसाव्या शतकात युरोपात जवळपास हाच वाद घड्यावरूनच झाला. लीबिग म्हणाले, आंबणं ही रासायनिक क्रिया आहे. पाश्चर म्हणाले, जिवंत पेशींशिवाय ते होत नाही. १८९७ मध्ये बुखनर यांनी पेशी चिरडून काढलेल्या रसातही साखर आंबते हे दाखवलं. क्रिया रासायनिकच, पण तिची हत्यारं जिवंत पेशीने घडवलेली.

आपल्या कामाचा त्याहून उपयोगी वाद नैयायिक आणि मीमांसक यांचा आहे. अग्नी आहे, लाकूड आहे, पण जवळ विशिष्ट मणी ठेवला तर जळत नाही, असं धरा. मीमांसक म्हणतात, मण्याने अग्नीची शक्तीच नष्ट केली. नैयायिक म्हणतात, शक्ती वगैरे काही मानायला नको. प्रतिबंधक नसणं हाही कारणसामग्रीचाच भाग, आणि तो इथे कमी पडला. आमच्या मते घड्याजवळ दोन्ही उत्तरं हाताशी ठेवावीत. निफाडचा पारा कधी पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा यीस्ट मरत नाही, गारठतं. थंडी हा प्रतिबंधक आहे. दूर करा, काम सुरू होतं. वाफाळत्या भातावर पडलेल्या यीस्टची मात्र शक्तीच गेली. त्याला कितीही ऊब द्या, उपयोग नाही. अडलेला घडा समोर असताना सगळा निर्णय या एका भेदावर आहे: थांबलंय की मेलंय?

हे सगळं इतक्या बारकाईने का सांगतोय? कारण आपल्या घरांत या प्रश्नाला एक तिसरं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिलं गेलं. अनारशाचं पीठ बिघडलं, कुरडईचा चीक नासला, लोणच्याला बुरशी आली, की विचारलं जायचं, 'कुणाचा हात लागला? विटाळशी कोण होती?' एका सुनेकडे, एका मुलीकडे सगळ्यांचे डोळे वळायचे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, एवढ्या पुराव्यावर माणसाला दोषी ठरवलं जायचं. बरणी ओली होती का, मीठ कमी पडलं का, तांदळाचं पाणी रोज बदललं का, हे कुणी विचारलंच नाही. ज्या दिवशी तिने हात लावला आणि पदार्थ उत्तम झाला, तो दिवस कुणी मोजलाच नाही. अन्वय पाहिला, व्यतिरेक पाहिला नाही. तर्कातली ही चूक एका बाईला महिन्याचे चार दिवस स्वयंपाकघराबाहेर बसवते, आणि काही घरांत अजूनही बसवते.

तेव्हा उद्या पीठ फुगलं नाही, तर एक वही घ्या. भिजवल्याची वेळ, खोलीचं तापमान, डाळ किती जुनी, पाणी किती, एवढं लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा पाहा. चार-सहा वेळा असं केलंत, की कारण तुमचं तुम्हालाच सापडेल. त्या यादीत घरातल्या कुणाचं नाव लिहायची वेळ येणार नाही.