कवळी बोचते, की सोसत नाही?

वडीलधाऱ्यांना नवी कवळी बसली की पहिले काही दिवस ती बोचणारच, असे सारे सांगतात आणि ते बहुधा खरेही असते. परंतु आठवडे लोटले तरी टाळू जळजळते, कवळीखालची त्वचा लालबुंद होते आणि कवळी काढताच आराम पडतो, तेव्हा ‘सवय होईल’ हे उत्तर पुरेसे नाही. अशी कवळी मग वाटीत पडून राहते, आजोबा पेजेवर दिवस काढतात आणि दोष वयाला दिला जातो.

ऍक्रिलिकची कवळी भुकटी आणि मिथाइल मेथाक्रिलेट हा द्रव कालवून, उष्णता देऊन घडवतात. त्यात सगळा द्रव घट्ट होत नाही. उरलेला अंश हळूहळू लाळेत उतरतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे उष्णतेने घडवलेल्या कवळीत तो २.२ टक्क्यांहून अधिक नसावा. उष्णतेवाचून घट्ट होणाऱ्या प्रकारात ही मर्यादा ४.५ टक्के आहे. घाईने उरकलेल्या कवळीत तो अधिक राहतो. या द्रवाचा खरा उपद्रव कवळी घडवणाऱ्या कारागिराला होतो, कारण रबरी हातमोज्यांतूनही तो पार होतो आणि बोटांची कातडी भेगाळते. त्याची दखल क्वचितच कोणी घेतो.

खरी ऍलर्जी मात्र विरळाच. बुरशी, कोरडे तोंड, मधुमेह किंवा कवळीचे चुकलेले माप ही कारणे अधिक वेळा आढळतात. ती दंतवैद्याने आधी तपासावीत. तरीही शंका उरली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच चाचणी करून घ्यावी. पाठीवर लावलेली पट्टी ४८ तासांनी काढतात आणि पुढे दोन दिवसांनी त्वचा पुन्हा पाहतात, कारण ही ऍलर्जी उशिरा प्रकटते. सोलापूरकरांनी डॉ. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. ऍलर्जी निघालीच, तर नायलॉनजातीची लवचिक कवळी हा एक पर्याय आहे. धातूच्या पायाची कवळीही सुचवली जाते, पण तिच्यातही दात बसवायला बहुधा ऍक्रिलिकच वापरतात, हे विचारून घ्यावे.

चाटी गल्लीत ताग्याचा पोत चिमटीत धरून पारखणारा व्यापारी कवळीची पावती न वाचताच खिशात घालतो. त्या पावतीवर साहित्याचे नाव आणि घडवण्याची पद्धत लिहून मागावी. नवी कवळी वापरण्यापूर्वी दिवसभर पाण्यात ठेवली होती का, हेही विचारावे. रात्री ती काढून, धुऊन पाण्यात ठेवावी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत तर हिरड्यांना विश्रांती देण्यास संध्याकाळपासूनच पुरेसा वेळ मिळतो.