फळी नसलेल्या मुलखातलं फर्निचर

संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराच्या किनाऱ्यावरचे मासेमार एके काळी जी होडी वापरत, तिच्यात एकही फळी नसे. खजुराच्या झावळ्यांचे दांडे खजुराच्याच तंतूंच्या दोरीने आवळून बांधायचे आणि पोटात झावळीच्या बुडख्याचे हलके, सच्छिद्र तुकडे ठासून भरायचे. या होडीचं नाव शाशा. तिच्या फटींतून पाणी आत येई आणि तसंच बाहेरही जाई, पण ती बुडत नसे, कारण तिला तरंगवत ती त्या तुकड्यांत अडकलेली हवा. काही तासांत ती पाणी पिऊन जड झाली की वाळूवर ओढायची, उन्हात वाळवायची आणि पुन्हा समुद्रात लोटायची.

दुबई-शारजाच्या डिझाइन प्रदर्शनांत ‘अमिराती वारशातून साकारलेलं शाश्वत फर्निचर’ अशी पाटी दिसली की ही शाशा आठवावी. त्या एका पाटीखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. एक म्हणजे जुन्या जाळीची नक्षी लेझरने ॲक्रिलिकवर कापून बनवलेला दिवा. तो दिसतो छान, पण त्यात वारसा फक्त चित्रापुरता असतो. दुसरी गोष्ट कमी दिमाखदार, पण विज्ञानाच्या दृष्टीने कितीतरी रंजक आहे. लाकूड नसलेल्या मुलखातल्या माणसांना आपल्या साहित्याबद्दल जे कळलं होतं, ते पुन्हा वापरात आणायची ही धडपड आहे.

लाकूड तिथे खरंच नव्हतं. अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष गाफ म्हणजे आपली शमी. वाळवंटात तग धरणारं चिवट झाड, पण त्यातून लांब-रुंद फळ्या निघत नाहीत. सागवान मलबारातून गलबतांनी येई. घराच्या छताला लागणारे वासे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येत आणि ते असत खारफुटीचे. या वाशांची लांबी ठरलेली असल्यामुळे जुन्या घरांतल्या खोल्याही अरुंद आणि लांबट झाल्या. खोलीची रुंदी घरमालक ठरवत नसे, आफ्रिकेतलं झाड ठरवत असे. नवरीच्या सामानाची पितळी खिळ्यांनी मढवलेली पेटी, म्हणजे मंदूस, बरेचदा हिंदुस्थानातून आलेली असे. जुन्या वस्तूंच्या बाजारात तिचे काही प्रकार आजही ‘बॉम्बे’ आणि ‘सुरत’ याच नावांनी विकले जातात. ज्या किनाऱ्यावर 1966 पर्यंत रुपया चालत होता, तिथे याचं नवल वाटायला नको.

बाहेरून येणारं लाकूड महाग. म्हणून बाकी सगळा भार खजुरावर. झावळ्यांचे दांडे शेजारी-शेजारी बांधून केलेला तट्टा म्हणजे दअन, आणि अशा तट्ट्यांचं घर म्हणजे अरीश. भिंतीतून वारा खेळतो, ऊन मात्र अडतं. पाती वळून केलेल्या पट्ट्यांना सफीफा म्हणतात. त्या गोल-गोल शिवून जेवणाच्या चटया, टोपल्या, पंखे व्हायचे. पानं, दांडा, बुडखा, तंतू, काहीच वाया जात नसे. या ज्ञानाला युनेस्कोने 2019 साली अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली, अर्थात अनेक अरब देशांच्या नावाने मिळून.

आता प्रश्न असा की या झाडाच्या बुंध्याच्याच फळ्या का काढल्या नाहीत? याचं उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे. साग किंवा शिसव यांच्या सालीखाली कॅम्बियम नावाचा पेशींचा थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूला नवं लाकूड घडवतो, म्हणून खोड जाड होत जातं आणि त्यात वर्षवलयं दिसतात. खजूर एकदल आहे, गवताच्या आणि मक्याच्या गोतातला. त्याला कॅम्बियम नाही. त्याच्या बुंध्यात वलयं नसतात, मऊ पेशींच्या भुसभुशीत गरात रोवलेल्या हजारो कडक नळ्या असतात. ओला बुंधा चिरून वाळवला की गर आकसतो, नळ्या आकसत नाहीत, आणि फळी वेडीवाकडी होते. रंधा मारला तर गुळगुळीत होण्याऐवजी तिचे रेषे उभे राहतात.

मात्र आधुनिक अभियंता याच रचनेकडे पाहून खूश होतो. मऊ माध्यमात रोवलेले ताठ तंतू म्हणजे तंतुमय संमिश्र, फायबरग्लास ज्या तत्त्वावर चालतं तेच. झावळीच्या दांड्यात तर ही रचना आणखी नेटकी आहे. बाहेरच्या कडेला तंतू दाट, आत विरळ. वाकवलेल्या दांड्यावर सर्वाधिक ताण बाहेरच्या कडेलाच येतो, त्यामुळे मजबुती नेमकी हवी तिथे आहे. तीन ते पाच मीटर लांबीची झावळी वर्षानुवर्षं वाऱ्यात डोलते ती याच जोरावर. कैरोतल्या ऐन शम्स विद्यापीठातले प्राध्यापक हामिद अल-मौस्ली यांनी या दांड्याचा अभ्यास केला आणि त्याच्या पट्ट्या चिकटवून लाकडासारखे ठोकळे करता येतात हे दाखवून दिलं. इजिप्तमध्ये खिडक्यांच्या कोरीव जाळ्यांसाठी आयात केलेलं बीच लाकूड वापरायचे, त्याच्या जागी हे दांडे चालले.

अमिरातीत कच्च्या मालाची ददात नाही. देशात 4 कोटींच्या आसपास खजुराची झाडं असल्याचं सांगितलं जातं. एका झाडाच्या दहा ते वीस झावळ्या दरवर्षी छाटाव्या लागतात. ढोबळ हिशोब केला तरी वर्षाला 40 कोटी झावळ्या होतात. त्या जाळायच्या, नाहीतर पुरायच्या. त्यात कोकणातल्या नारळवाल्यांच्या ओळखीचा सोंड्या भुंगा 1980च्या दशकात आखातातही पोचला. तो लागलेलं झाड चिरडून नष्टच करावं लागतं. अबुधाबीत डेझर्टबोर्ड ही कंपनी आता या छाटणीपासून बांधकामाचे आणि फर्निचरचे तक्ते बनवते. दुबईतल्या आर्ध कलेक्टिव्हने खजुराच्या बियांपासून पृष्ठभागाचं साहित्य केलं आहे. फळाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा बी असते आणि ती दगडासारखी कडक, कारण तिच्या पेशींच्या जाड भिंतींत रोपाचा शिधा साठवलेला असतो.

इथे थोडं थांबायला हवं. कचऱ्यापासून तक्ता म्हटलं की आपण लगेच टाळ्या वाजवतो. तक्त्यातला कचरा पृथ्वीला किंवा आपल्याला फारसा त्रास देत नाही, त्रास देतो तो त्याला बांधून ठेवणारा गोंद. जगभरातल्या स्वस्त तक्त्यांत युरिया-फॉर्मल्डिहाइड राळ असते. उष्णता आणि दमटपणा वाढला की ती हळूहळू विघटित होते आणि फॉर्मल्डिहाइड खोलीत मिसळतो. हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच ठरवलं. आखाताइतकी उष्ण आणि दमट हवा दुसरी कुठे मिळणार? आयसोसायनेट गटातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड नसतो, पण तो महाग आणि कारखान्यात हाताळायला जोखमीचा. शिवाय खजुराच्या पेशींत सिलिकाचे कण असतात, ते करवतीची धार खातात. पानांवर मेण असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. दअन विणणाऱ्यांनी हा सगळा प्रश्न दोरीने सोडवला होता. बांधलेली वस्तू सोडता येते, एक दांडा मोडला तर तेवढाच बदलता येतो. माझ्या मते अमिराती वारशातली सर्वात आधुनिक कल्पना हीच, आणि नेमकी तीच आज सर्वात कमी वापरली जाते.

सदू या विणकामाची गोष्ट थोडक्यात. बेदुइन बायका जमिनीलगतच्या आडव्या मागावर मेंढी, शेळी आणि उंटाच्या केसांच्या पट्ट्या विणत. तंबूचे पडदे, उंटाचं खोगीर, थैल्या, सगळं त्यातलंच. या विणीत उभे धागे इतके दाटीने बसतात की आडवा धागा दिसतच नाही. म्हणून नक्षी पट्ट्यांची आणि त्रिकोण-चौकोनांची होते, आणि म्हणूनच लांबीच्या दिशेने पट्टी कमालीची मजबूत असते. निवारीच्या पलंगासारखी ताणून बसवली तर तिच्यावर माणूस आरामात बसेल. युनेस्कोने 2011 मध्ये सदूला तातडीने जपायच्या कलांच्या यादीत घातलं, कारण विणणाऱ्या बहुतेक बायका वयस्क होत्या. शारजात 2015 साली सुरू झालेल्या इर्थी या हस्तकला परिषदेने कारागीर बायका आणि डिझायनर यांना एकत्र बसवलं. त्यांच्या प्रयोगांत सफीफाची वीण पातीऐवजी उंटाच्या चामड्यातही उतरली. सदूची नक्षी छापलेल्या पॉलिस्टरच्या उशा मात्र विमानतळावर ढिगाने मिळतात. त्यांच्याविषयी काय बोलावं!

दिव्यांकडे वळू. जाळीच्या दिव्याचं सौंदर्य दिव्यात नसतं, भिंतीवर पडणाऱ्या सावलीत असतं, आणि सावली किती रेखीव पडणार हे प्रकाशाच्या उगमाच्या आकारावर ठरतं. उगमापासून जाळी 10 सेंटिमीटर दूर आहे आणि जाळीपासून भिंत 2 मीटर, असं धरा. आत 1 मिलिमीटरची उघडी एलईडी चिप लावली, तर सावलीच्या कडेला 2 सेंटिमीटरचा धूसर पट्टा येतो. जाळीचं 1 सेंटिमीटरचं भोक भिंतीवर 21 सेंटिमीटरचं होतं, त्यामुळे एवढा धूसरपणा खपून जातो. त्याच जागी 6 सेंटिमीटरचा दुधी बल्ब लावला, तर धूसर पट्टा 1 मीटर 20 सेंटिमीटरचा होतो. म्हणजे नक्षी पार पुसली जाते आणि भिंत नुसती मळकट दिसते. महागडा जाळीचा दिवा घरी आणून त्यात दुधी बल्ब लावणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

एलईडीने आणखी एक दार उघडलं. जुना पिवळा बल्ब विजेचा बराचसा भाग उष्णतेत घालवी आणि त्याची काच शंभर अंशांच्या वर तापे. अशा बल्बाभोवती वाळक्या पातीची टोपली म्हणजे आगीला निमंत्रण. अमिरातीने 2014 साली अशा अकार्यक्षम बल्बांवर बंदी आणली. 60 वॉटच्या बल्बाइतका उजेड देणारी एलईडी 8-9 वॉटमध्ये भागवते आणि तिचा पुढचा भाग हाताला सोसेल इतकाच कोमट होतो. त्यामुळे खजुराची पाती, लोकर, कागद, चामडं यांच्या शेड आता निर्धास्त करता येतात. वारसा परत आणायला परंपरेच्या अभिमानापेक्षा या अर्धवाहकाने जास्त हातभार लावला, असं म्हटलं तर कुणी रागावू नये.

हाच सावलीचा हिशोब फार मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर अबुधाबीचं लूव्र संग्रहालय आहे. वास्तुकार झाँ नूवेल, उद्घाटन नोव्हेंबर 2017. वर 180 मीटर व्यासाचा घुमट, त्यात जाळीचे आठ थर आणि 7,850 तारे. मूळ कल्पना खजुराच्या बनात झिरपणाऱ्या उन्हाची. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची थाळी अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे लहान भोकातून आलेला कवडसा भोकाच्या आकाराचा न राहता गोल होतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. तिचा व्यास भोकापासूनच्या अंतराच्या साधारण 108व्या हिश्शाइतका, म्हणजे 30 मीटरवर सुमारे 28 सेंटिमीटर. थर एकावर एक असल्यामुळे सूर्य सरकला की एका वाटेने येणारा किरण अडतो आणि दुसऱ्या वाटेने नवा उतरतो. फरशीवरचे कवडसे सतत पेटत-विझत राहतात.

फर्निचरपासून थोडा दूरचा, पण मला सर्वात धाडसी वाटलेला प्रयोग मिठाचा आहे. अमिरातीत पिण्याचं पाणी मुख्यतः समुद्रातून काढतात आणि त्यातून उरलेलं दाट खारं पाणी पुन्हा समुद्रात सोडतात. वाएल अल अवर आणि केनिची तेरामोतो या वास्तुकारांना या पाण्यात सिमेंट दिसलं. आपलं नेहमीचं सिमेंट चुनखडी 1,450 अंशांपर्यंत भाजून होतं, आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइडमधला 7-8 टक्के वाटा त्याचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम असतं. त्याच्या ऑक्साइडपासून केलेलं सिमेंट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतं. प्रेरणा अबुधाबीच्या सबखांची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या मिठागरासारख्या सपाट जमिनींची, जिथे मीठ आणि खनिजं आपोआप कवच धरतात. या सिमेंटच्या पोवळ्यासारख्या खडबडीत तुकड्यांनी रचलेल्या दालनाला 2021च्या व्हेनिस वास्तुकला बिएनालेत देशांसाठीचा सुवर्णसिंह मिळाला. मर्यादाही उघड आहे. हे सिमेंट नेहमीच्या सिमेंटपेक्षा कमी अल्कधर्मी असल्याने त्यात लोखंडी सळई गंजण्यापासून वाचत नाही. बहुमजली इमारतीपेक्षा बाक, स्टूल, कुंडी यांना ते जास्त शोभेल.

हे सगळं अजून थोडक्यांच्या दिवाणखान्यापुरतं आहे, हे मान्य केलं पाहिजे. प्रदर्शनातल्या हातविणीच्या खुर्चीच्या किमतीत सामान्य माणसाचं अख्खं घर सजेल, आणि दुबईतल्या बहुतेक घरांत आजही बाहेरून आलेला राळेचा तक्ताच आहे. आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही. खजुराची सख्खी चुलत बहीण शिंदी महाराष्ट्रात ओढ्याकाठी वाढते. तिच्या पातीच्या केरसुण्या आणि चटया करणारे हात अजून आहेत, पण त्यांच्याकडे डिझायनर फारसा फिरकत नाही.

दुबईला नातेवाईक असणारी मराठी घरं पुष्कळ आहेत. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे डिझाइन वीक भरतो. गेलात तर नक्षीचं कौतुक जरूर करा, पण विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: यात गोंद कोणता आहे, आणि एक भाग मोडला तर तेवढाच बदलता येतो का? एक दिवस काढून अल ऐनच्या खजूरबनातही जाऊन या. तिथे तिकीट लागत नाही.