डिकीचे रबर : गाडीचीही आगोट

मे महिना लागला की मालवणच्या पट्ट्यात घरोघर आगोटीची धांदल उडते. कौले शाकारायची, पडवीला झडी बांधायच्या, लाकडे आत घ्यायची, सुके बांगडे डब्यात भरायचे. ज्यांच्या खळ्यात एखादी जुनी फियाट किंवा अँबेसेडर उभी आहे, त्यांनी या यादीत आणखी एक काम धरावे. डिकीचे रबर बघावे. मी एक वर्ष ते टाळले आणि चतुर्थीसाठी आणलेले वड्यांचे पीठ डिकीतच भिजून त्याचा लगदा झाला. त्यानंतर टाळलेले नाही.

अजून आहेत या गाड्या

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली. तीच पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसून दादर स्टेशन गाठले नाही, असा चाकरमानी सापडणे कठीण. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा रस्ता थांबला. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्येच बंद पडले होते. खासगी गाड्या मात्र गावोगाव टिकून आहेत. त्यांच्या मालकांना इंजिनाचे कौतुक फार असते, रबराकडे कुणी बघत नाही.

किनाऱ्यावर रबर लवकर का जाते

ऊन आणि हवेतला ओझोन रबराला चिरा पाडतात, हे सगळीकडेच होते. देवबाग-तारकर्लीकडे त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. मीठ रबराचे फारसे काही बिघडवत नाही, ते बिघडवते रबराखालचा पत्रा. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की साधे मीठसुद्धा ओलावा ओढून पाणी धरते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याखाली क्वचितच येते. म्हणजे रबर आणि पत्रा यांच्या फटीत अडकलेले मीठ चार महिने सुकतच नाही. वरून रबर शाबूत दिसते, आत गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात.

आणखी एक गोष्ट माहीत असावी. गाडी धावताना मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो. डिकी नीट बसत नसेल तर तो आत खेचला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्यांचे डोके दुखत असेल तर खापर करूळ घाटाच्या वळणांवर फोडण्याआधी डिकी तपासा.

पाणी नक्की कुठून येते

आपल्या तांबड्या मातीचा इथे फायदा होतो. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आठ दिवस गाडी फिरवा आणि डिकी उघडून आतली कड निरखा. जिथे रबर पत्र्याला टेकत नाही, तिथून जांभ्याची धूळ आत शिरून बोटभर रुंद तांबूस पट्टा उमटलेला असतो. धूळ येते तिथून पाणीही येणारच.

कागदाचीही परीक्षा घ्यावी. जुन्या पोस्टकार्डाएवढा तुकडा रबरावर ठेवून झाकण लावा आणि ओढा. घट्ट आला तर ठीक, सुळकन निसटला तर ती जागा खडूने खूण करून ठेवा. मात्र पाण्याचा प्रत्येक थेंब रबराच्या माथी मारू नये. मागच्या काचेचे रबर, टेललॅम्पचे गॅस्केट, पत्र्याच्या जोडातले निघालेले सीलिंग, इथूनही पाणी झिरपते. डिकी रिकामी करून एकाला टॉर्च घेऊन मागच्या सीटमागून डोकवायला लावा आणि दुसऱ्याने पाइपने पाणी सोडा, खालून वर सरकत. सुरुवातच वरून केली तर सगळीकडेच ओले होते आणि काही कळत नाही.

रबर आणताना

जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून सोबत न्या. नाव सांगून मागितले तर दुकानदार जवळपासचे काहीतरी देतो. कुडाळ-कणकवलीत न मिळाल्यास कोल्हापूर, नाहीतर थेट कुर्ल्याचा सीएसटी रोड. लांबी जुन्या रबरावरून मोजू नका, ते आकसलेले असते. रबर बसते त्या खाचेतून सुतळी फिरवून मोजा आणि वीतभर जास्त घ्या. ईपीडीएम जातीचे स्पंजी रबर मिळाले तर उत्तम, उन्हाला आणि ओझोनला ते चांगले टिकते. तेल आणि ग्रीस यांचे मात्र त्याच्याशी वाकडे आहे. ते लागले की रबर फुगते.

खरे काम पत्र्याचे

रबर बसवायला तासभर पुरतो. खाच साफ करायला अख्खा दिवस जातो, आणि जायलाच हवा. जुने रबर ओढून काढले की वाळलेल्या सोल्युशनचा काळपट थर उरतो. तो प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हर लावला की रंगाला ओरखडा पडतो आणि गंजाला दार उघडते. उरलेले डाग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. थिनर वापरायचा मोह होतो, पण तो रंगही उतरवतो. रॉकेल तेलकट थर मागे ठेवते, त्यावर काही चिकटत नाही.

आता गंज. तारेच्या ब्रशने चमकता पत्रा दिसेपर्यंत घासा, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा, उन्हात पूर्ण वाळवा, मग प्रायमर आणि वर रंग. रंग दोन दिवस वाळू द्या. गंजावरच रबर चिकटवणारे कारागीर मी पाहिले आहेत. दिवाळीपर्यंत ते रबर पापुद्र्यासकट हातात येते.

बसवताना

आधी सोल्युशन न लावता रबर सगळीकडे नुसते ठेवून बघा. जोड खालच्या बाजूला, कुलपाजवळ मध्यावर घ्या. काचेवरून ओघळणारे पाणी वरच्या कडेला जास्त येते, तिथे जोड नको. मग रबर आणि खाच दोन्हींना सोल्युशनचा पातळ हात मारा आणि बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबा. साधारण दहा-पंधरा मिनिटे. ओले असतानाच दाबले तर सरकत राहते.

माझी पहिल्या खेपेची चूक सांगतो. रबर नीट सरळ बसावे म्हणून मी ते ताणून लावले. महिनाभरात ते मूळ लांबीवर आले आणि जोडात करंगळी जाईल एवढी फट पडली. कोपऱ्यात तर उलट करायचे, रबर थोडे आत ढकलत न्यायचे. शेवटी टोक अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवून कापायचे आणि दाबून जुळवायचे.

नवे रबर टणक असते, डिकी सुरुवातीला जोर लावल्याशिवाय लागत नाही. म्हणून लगेच कुलूप सैल करू नका. दोन आठवडे जाऊ द्या, मग पुन्हा कागद लावून पाहा आणि तेव्हाही फट वाटली तरच बिजागरी किंवा कुलपाची पट्टी हलवा. झाकणाला चिकटू नये म्हणून रबरावर टाल्कम पावडर चोळली तरी पुरते.

केव्हा करावे

एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, कोरड्या दिवशी, दुपारच्या आधी. दमट हवेत सोल्युशन वाळताना त्यावर बाष्पाचा धूसर पापुद्रा धरतो आणि पकड येत नाही. त्यामुळे मृगाच्या सरी सुरू झाल्यावर हे काम काढू नका. तोवर राहिलेच असेल तर यंदा डिकीत ताडपत्री अंथरा आणि चतुर्थीचे सामान मागच्या सीटवर ठेवा.