नख दुखावलें, गोळी हवी काय?

दाराच्या फटींत मुलाचें बोट सांपडतें, नखाचें टोंक उचकटून रक्त येतें आणि घरांत धांवपळ उडते. हळद शोधली जाते. तिच्याबरोबरच मागल्या खोकल्याच्या वेळीं उरलेल्या प्रतिजैविक औषधाच्या दोन गोळ्याही कपाटांतून निघतात. (त्या खोकल्यास तरी त्यांची गरज होती काय, हा प्रश्न निराळाच!) "पू होऊं नये म्हणून आधींच दिलेली बरी," असें वडीलधाऱ्यांस वाटतें. या समजुतीमागें माया आहे; शास्त्र मात्र नाहीं.

बोटाच्या टोंकास रक्ताचा पुरवठा विपुल असतो. रक्तांतील पांढऱ्या पेशी तेथें त्वरित पोंचून जंतूंचा समाचार घेतात. म्हणून निरोगी माणसाच्या साध्या, स्वच्छ जखमेस प्रतिबंधक गोळी सहसा लागत नाहीं. लागतें तें पाणी. नळाच्या धारेखालीं पांच मिनिटें बोट धरावें, स्वच्छ कापडानें दाबून रक्त थांबवावें व पट्टी बांधावी. लोंबणारें नख ओढून काढूं नये. नखाखालीं रक्त सांखळून असह्य ठणका लागल्यास डॉक्टर नखास बारीक छिद्र पाडून तें वाहूं देतात. नवें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें. तें पूर्ण येण्यास चार ते सहा महिने लागावयाचेच.

१९४१ सालीं ऑक्सफर्ड येथें एका पोलिसास पेनिसिलिन देण्यांत आलें. त्यास उतार पडूं लागला. डॉक्टरांनीं त्याच्या मूत्रांतूनही तें औषध पुन्हां काढून वापरलें. पण सांठा संपला आणि तो दगावला. त्या औषधाचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानांत सांगितलें कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, निर्ढावतात. कपाटांतील दोन गोळ्या म्हणजे नेमकी तीच अपुरी मात्रा! शिवाय जुलाब, अंगावर पुरळ, हे उपद्रव पदरीं येतात ते वेगळेच.

परंतु माणसाचा वा जनावराचा दांत लागला असेल, हाड मोडलें असेल, जखमेंत माती खोल गेली असेल अथवा रोगी मधुमेही असेल, तर घरीं बसूं नये. तेथें गोळीचा निर्णय डॉक्टरांचा. कुत्रें चावल्यास तर रेबीजची लस आधीं. लाली पसरूं लागली, पू दिसला, ताप आला, तरीही दवाखाना गांठावा. साचलेला पू बाहेर काढणें हाच पुष्कळदां मुख्य उपचार असतो. आणि गोळीच्या घाईंत धनुर्वाताची लस विसरली जाते. स्वच्छ जखमेस मागील लस दहा वर्षांच्या आंतील असावी, मळक्या जखमेस पांच वर्षांच्या.