विद्यार्थ्यांवरचे शिक्के कितपत खरे?

प्रतिनिधी

पुणे - डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर होते, तेव्हाची गोष्ट. एक विद्यार्थिनी मुलांच्या खोलीच्या खिडकीतून आत काहीतरी देत असल्याचे त्यांनी पाहिले. असे दृश्य पाहून कोणत्याही रेक्टरच्या मनात जो संशय येईल, तोच त्यांच्याही मनात आला. चौकशी केल्यावर वेगळेच समजले. खोलीतला मुलगा मॉरिशसहून आलेला होता आणि काविळीने अंथरुणाला खिळला होता. या परक्या शहरात त्याची काळजी घेणारे कोणी नव्हते, म्हणून ती मुलगी त्याला खाण्याचे पदार्थ आणून देत होती. या अनुभवाने अस्वस्थ झालेल्या मुजुमदारांनी परदेशी विद्यार्थ्यांना आधार देण्यासाठी १९७१ मध्ये 'सिंबायोसिस'ची स्थापना केली.

सगळेच गैरसमज इतक्या चांगल्या वळणावर संपत नाहीत. बहुतेकदा चौकशी होतच नाही आणि मनात उमटलेला शिक्का तसाच राहतो. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या पुण्यात अशा शिक्क्यांची कमतरता नाही. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात थोडा वेळ काढला, तरी त्यांतील अनेक कानावर पडतात. मराठवाड्यातून आलेला म्हणजे इंग्रजीत कच्चा. ग्रंथालयात दिवसभर बसणारा म्हणजे स्पर्धा परीक्षेचा. त्याला विषयाशी देणेघेणे नाही. परदेशी म्हणजे पैसेवाला. ईशान्येकडचा म्हणजे आपल्यातच राहणारा. मुली संशोधनाला येतात त्या लग्न ठरेपर्यंत. यांतील खरे किती आणि खोटे किती?

साचा आला छापखान्यातून

असे समज दर्शवणारा 'स्टिरिओटाइप' हा शब्द मूळचा छपाईच्या धंद्यातला. जुळवलेल्या खिळ्यांवरून धातूची अखंड पाटी ओतली, की त्याच मजकुराच्या हव्या तितक्या प्रती काढता येत. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथात हा शब्द माणसांविषयीच्या ठोकळेबाज समजुतींसाठी वापरला आणि तो त्याच अर्थाने रूढ झाला. प्रत्येक माणूस नव्याने समजून घेण्याइतकी सवड कोणालाच नसते. मग आपण आधी साचा ठरवतो आणि माणूस नंतर पाहतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते.

साचे हवेतून तयार होत नाहीत, हेही मान्य करायला हवे. बहुतेकांच्या मुळाशी काहीतरी पाहिलेले असते. प्रश्न असतो तो पाहिलेल्याचा अर्थ लावण्याचा.

दिसते ते आणि असते ते

इंग्रजीचेच उदाहरण घ्या. ग्रामीण भागातून आलेले अनेक विद्यार्थी वर्गात इंग्रजी बोलताना अडखळतात, हे खरे आहे. पण त्यांचे शालेय शिक्षण मराठीत झालेले असते आणि पदव्युत्तर वर्गात हाती पडणारे संदर्भग्रंथ मात्र बहुतांश इंग्रजीत असतात. दोन भाषांमधला हा पूल ज्याचा त्याने स्वतःच बांधायचा असतो. इंग्रजी माध्यमातील सहाध्यायी पुस्तकाचा आशय समजून घेत असतात, तेव्हा हा विद्यार्थी आधी त्यातील वाक्य समजून घेत असतो. त्याचे अडखळणे हा माध्यमबदलाचा परिणाम आहे. बुद्धीचे माप नव्हे.

ग्रंथालयाचे तसेच. जयकर ग्रंथालयाची ओळख अनेकांच्या मनात 'स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका' अशी आहे. तिथे अशी मुले मोठ्या संख्येने दिसतात, यात शंका नाही. पण प्रयोगशाळेत रात्र काढणारा किंवा गावोगाव फिरून मुलाखती घेणारा संशोधक ग्रंथालयात दिसत नाही, म्हणून तो हिशेबातही धरला जात नाही. शिवाय स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी वर्षानुवर्षे तिथेच का असतो, याचे उत्तर त्याच्या आळशीपणात सापडत नाही. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा अवघ्या काही दिवसांवर असताना लांबणीवर पडली आणि पुण्यात हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्याने पुन्हा आंदोलन झाले आणि आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. वेळापत्रक असे हेलकावे खात असेल, तर मुक्काम लांबणारच.

'कमवा व शिका'तील विद्यार्थ्यांचीही हीच गत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने विद्यापीठात चालणाऱ्या या योजनेत विद्यार्थी विभागांत, कार्यालयांत काम करून आपला खर्च भागवतात. चर्चासत्र संपताच घाईने निघून जाणारा असा मुलगा इतरांना 'अभ्यासात रस नसलेला' वाटू शकतो. तो कामावर निघालेला असतो, हे कोणी विचारल्याशिवाय कळत नाही.

काही समज साफ खोटे

काही शिक्के तर साध्या पडताळणीतही टिकत नाहीत. 'लग्न ठरेपर्यंत संशोधन' या शेऱ्याला उच्चशिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणातील आकड्यांचे उत्तर आहे. देशात पीएच.डी. करणाऱ्या महिलांची संख्या २०१४-१५ मध्ये सुमारे ४८ हजार होती. २०२१-२२ मध्ये ती सुमारे ९९ हजारांवर, म्हणजे दुपटीवर गेली. 'परदेशी म्हणजे पैसेवाला' या समजाचे पितळ ऑगस्ट २०२१ मध्ये उघडे पडले. काबूलवर तालिबानचा ताबा आला, तेव्हा पुण्यातील अफगाण विद्यार्थ्यांपुढे घरच्यांच्या खुशालीबरोबरच पैसे आणि व्हिसा यांचीही चिंता उभी राहिली होती. त्यांतील अनेक जण भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकत होते.

ईशान्येकडील विद्यार्थी आपापल्यातच राहतात, हे दिसायला खरे. पण त्यामागे इतिहास आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे घाबरलेले हजारो ईशान्य भारतीय पुणे, बंगळूर सोडून मिळेल त्या गाडीने गावी परतले होते. चेहऱ्यावरून 'चिनी' ठरवल्या जाणाऱ्या तरुणांनी एकमेकांच्या आधाराने राहणे, याला तुटकपणा म्हणता येणार नाही.

शिक्का मारला की बदलते काय?

शिक्का खरा की खोटा, एवढ्यावर विषय संपत नाही. शिक्का बसल्याने माणसाची कामगिरीच बदलू शकते. अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांनी १९९५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. 'ही तुमच्या बौद्धिक क्षमतेची चाचणी आहे', असे सांगितल्यावर त्यांची कामगिरी खालावली. तसे न सांगता तीच चाचणी दिली, तेव्हा खालावली नाही. पुढच्या काळात झालेल्या काही मोठ्या अभ्यासांत हा परिणाम बराच कमी आढळला किंवा आढळलाच नाही. त्यामुळे तो सर्वत्र सारखा लागू होतो, असे म्हणता येत नाही.

आपल्याकडचा दाखला मात्र विचार करायला लावणारा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांमध्ये ६४२ शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा उच्च आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सर्वांसमक्ष नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुले मागे पडली. कोडी तशीच होती. बदलले होते ते फक्त जातीचे जाहीर होणे.

विद्यापीठात जात कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. पण आडनाव, गाव, बोलण्याची ढब आणि 'कोणत्या कोट्यातून?' हा सहज विचारलेला प्रश्न तेच काम करू शकतो. प्रकल्पाचा गट पाडताना, अंतर्गत गुण देताना, मार्गदर्शक नेमताना आणि खोली भाड्याने देतानाही या शिक्क्यांची किंमत मोजली जाते. ती मोजणारा विद्यार्थी अनेकदा तक्रारही करत नाही; वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसतो आणि 'हा काही बोलतच नाही' असा आणखी एक शिक्का त्याच्यावर बसतो.

म्हणून या समजुतींत थोडेफार तथ्य सापडले, तरी ते परिस्थितीविषयीचे असते, माणसाविषयीचे नव्हे. परिस्थिती बदलता येते. भाषेचा पूल विद्यापीठाला बांधता येतो, परीक्षांचे वेळापत्रक आयोगाला पाळता येते आणि शेजारी बसलेल्याची विचारपूस तर कोणालाही करता येते. वसतिगृहाच्या त्या खिडकीपाशी जे कळले, तेही विचारल्यामुळेच कळले होते.